माझ्या नावाचा टेम्पो

बँकेतल्या मॅडमनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला आणि विचारलं, "सर, हे टेम्पोचं कर्ज तुम्ही अर्जात का दाखवलं नाही?"

मी आयुष्यात कधी टेम्पो घेतलेला नाही. मला तो चालवताही येत नाही. तरी खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी "हे माझं नाही" असं माझ्या मनात आलंच नाही. मनात आलं, "कधी घेतलं बरं आपण?" आणि मी खरोखरच आठवायला लागलो.

शेजारी बायको बसली होती. कर्ज तिला हवं होतं. मी नुसता सहअर्जदार. नांदेडात भाग्यनगरच्या बाजूला एका जुन्या सायकलच्या दुकानावर मोकळा हॉल होता, तिथं तिला मुलींसाठी अभ्यासिका काढायची होती. मेडिकलच्या परीक्षेची तयारी करायला खेड्यापाड्यांतून मुली येतात, एका खोलीत चौघी राहतात, आणि तिथं एकीला झोपायचं असतं तेव्हा दुसरीला वाचायचं असतं. आमची भाची अशीच राहून शिकली, तेव्हापासून हे बायकोच्या डोक्यात होतं. तिनं स्वतः सुताराकडून टेबलांचा अंदाज काढला होता, पंख्यांचे भाव विचारून आली होती. बालवाडीच्या मानधनातून साठवलेल्या पैशांतून हॉलसाठी इसारही देऊन झाला होता. करार महिनाअखेरीला व्हायचा होता.

"थकीत आहे हे," मॅडम म्हणाल्या. "चार हप्ते. असं असताना मी फाईल पुढं पाठवू शकत नाही."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी ओळखतो.

"कुणाला जामीन राहिलात?"

"कुणालाच नाही."

"मग तोंड असं का पडलंय तुमचं?"

याचं उत्तर बँकेत देण्यासारखं नव्हतं. भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला कॉलेजात शिकत होतो. औसा तालुक्यातलं आमचं गाव पडलं. आमचंही घर पडलं, पण घरातली माणसं त्या रात्री आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यापाशी झोपलेली होती, म्हणून वाचली. शेजारच्या घरातलं कुणी उरलं नाही. घर पडल्यामुळं मला भूकंपग्रस्त असल्याचा दाखला मिळाला आणि त्या दाखल्यावर पाटबंधारे खात्यात कारकुनाची नोकरी लागली. सगळं नियमानं, रांगेत उभं राहून. पण पहिला पगार हातात आला तेव्हा मला शेजारच्या घराचा दरवाजा आठवला होता, आणि पुढंही दर पगाराला तो आठवत राहिला. कुणी कागद पुढं करून "हे तुमच्याकडं निघतं" म्हटलं की मी आधी मान हलवतो आणि मग कागद वाचतो. अशा माणसाच्या बायकोला संशय आला तर तिला दोष कसा द्यायचा?

मी चष्मा लावून पडद्यावरचं वाचायला घेतलं. वरती माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव. खाली माझी कर्जं: फ्रीज, बायकोची स्कूटी, घराच्या गळतीचं काम. सगळी फिटलेली. आणि त्यांच्या रांगेत, माझ्याच माणसासारखा, तीनचाकी टेम्पो. लातूरच्या कुठल्याशा फायनान्स कंपनीकडून घेतलेला. पत्ते दोन होते. एक आमचा, दुसरा लातूरचा, शिकवण्यांच्या भागातल्या एका गल्लीचा. मोबाईल नंबरही दोन.

"मॅडम, हा दुसरा माणूस आहे. माझ्याच नावाचा."

"नाव एक वेळ सारखं असेल, सर," त्या शांतपणे म्हणाल्या. त्या तिकडं कोकणातल्या होत्या, बदली होऊन नुकत्याच आलेल्या. "पण जन्मतारीखसुद्धा तंतोतंत जुळतेय. एक जून. वर्षही तेच."

तेव्हा मला एकदम हसू आलं. बायकोलाही आलं.

"मॅडम, आमच्याकडं ती सगळ्यांचीच जुळते."

त्यांना कळेना. मग मी सांगितलं. आमच्या लहानपणी घरी कुणाला तारीख माहीत नसायची. आई सांगायची, ज्वारी काढायला आली होती तेव्हाचा, किंवा म्हैस मेली त्या वर्षीचा. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी पोराकडं एकदा बघायचे आणि एक जून लिहून टाकायचे, म्हणजे शाळा सुरू होताना सहा वर्षं पूर्ण. आमच्या ऑफिसात निम्मी माणसं एकाच दिवशी रिटायर होतात, मे महिन्याच्या शेवटी, आणि एकाच हारवाल्याकडून हार येतात.

मॅडमना हे पटेना. त्यांनी मान उंच करून हॉलमध्ये विचारलं, "आपल्यात एक जून कुणाकुणाची आहे?" कॅशियरनं हात वर केला. दारातल्या बंदूकवाल्यानं केला. पैसे भरायच्या रांगेतल्या एका आजोबांनीही केला आणि विचारलं, "काय मिळायलंय?"

मॅडम हसल्या, पण फाईल त्यांनी बाजूलाच ठेवली. "मला पटलं. पण संगणकाला पटायला पाहिजे. तुम्ही हा कर्जांचा रिपोर्ट काढणाऱ्या कंपनीकडं ऑनलाइन तक्रार टाका. ते फायनान्सवाल्यांना विचारतील, मग दुरुस्ती होईल. महिनाभर लागू शकतो. लवकर हवं असेल तर त्या फायनान्सच्या लातूर शाखेतून पत्र आणा, की हा कर्जदार तुम्ही नव्हेत."

तक्रार मी त्याच दिवशी टाकली. लातूरच्या शाखेला फोन केला तर पलीकडचा म्हणाला, नाव तेच, तारीख तीच, कर्ज घेताना पॅन नंबर दिलेला नाही. आता फोनवर आम्ही काय ठरवणार? दोघं समोर आलात तर बघू.

संध्याकाळी आम्ही हॉलच्या मालकाकडं गेलो. चाचांच्या घरात तीन पिढ्यांचा सायकलचा धंदा, राहायचे हॉलच्याच वरच्या मजल्यावर. ते पंक्चर काढत नसत, पण पंक्चर काढणाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसत.

"भाभी, जुबान दिया मैंने," ते बायकोला म्हणाले. "मगर महिना खतम हुए पे मैं क्या करूँ? वो बिर्यानीवाला रोज आके जा रा. कल तो डेगची का नाप लेके गया, बोलो."

"चाचा, बिर्यानीचा वास वर चढला तर तुम्हालाच झोप यायची न्हाई," बायको म्हणाली.

"हौ, वो बी सच है. डॉक्टर ने मना करा मेरे कू." ते हसले. "मगर तारीख की बात तारीख की."

घरी आल्यावर स्कूटी लावताना बायको म्हणाली, "मी एवढी वर्षं कधी काही मागितलं नाही. आता मागितलं तर टेम्पो आडवा आला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या गॅलरीत उभं राहून मी रिपोर्टातला तो दुसरा नंबर लावला. मागं भांड्यांचा आवाज, कुणीतरी कुणाला ओरडत होतं.

"हॅलो, कोन?"

मी माझं नाव सांगितलं. पूर्ण, वडलांच्या नावासकट.

"हाव, मीच बोलायलोय. तुमी कोन?"

"नाही, नाही. ते माझं नाव आहे."

"माझं नाव तुमचं कसं? कोन हाय रे? डब्यात केस निघाला म्हनून बोलायला का? सरळ सांग ना."

मी घाईघाईनं म्हणालो, "मी नांदेडहून बोलतोय. माझंही नाव तेच आहे."

पलीकडं भांड्यांचा आवाज लांब गेला. तो बहुतेक बाहेर आला असावा. मग अगदी वेगळ्या आवाजात त्यानं विचारलं, "फ्रीजवाले साहेब का?"

माझ्या घरात फ्रीज आहे हे लातूरच्या अनोळखी माणसाला माहीत असावं, याची भीती वाटायला हवी होती. मला मात्र भयंकर उत्सुकता वाटली. त्या क्षणापासून बायकोचं काम आणि माझी उत्सुकता इतकी एकमेकांत मिसळली की मी लातूरला कशासाठी निघालो ते मलाच नीट सांगता येत नव्हतं.

शनिवारी सकाळच्या बसनं निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर. चाकूरच्या पुढं शिकवण्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. भिंतींवर, पाण्याच्या टाक्यांवर, शेतातल्या पाट्यांवर पोरांचे चेहरे आणि त्यांचे मार्क. भूकंपानंतर याच रस्त्यानं तंबू आणि पत्रे भरलेल्या गाड्या गेल्या होत्या. आता पुढच्या सीटवर एक बाप मांडीवर गादीची गुंडाळी घेऊन बसला होता आणि शेजारी त्याची मुलगी, अकरावीत चाललेली, खिडकीतून ते चेहरे वाचत होती.

शिकवणीच्या पोरांना डबे पुरवणारी त्याची मेस गल्लीच्या टोकाला होती. दारात तीनचाकी टेम्पो. मी आधी टेम्पोकडंच बघत राहिलो. हिरवा, मागच्या फळीला दोरी बांधलेली, आत डब्यांच्या जाळ्या. कर्जाची रक्कम मला तोंडपाठ झाली होती, पण त्याचा रंग मी मनात निळा धरला होता.

"या, या. बघा की बसून," मागून आवाज आला.

तो माझ्याहून बुटका, अंगानं भरलेला, हाताला कणीक. मूळ देवणीकडचा. मला वाटलं होतं, माझ्यासारखा कुणीतरी असेल. तसलं काहीच नव्हतं. त्यानं मला आत नेलं, पाट दिला, आणि मी काही बोलायच्या आत ताट वाढलं. पोरांच्या जेवणाची वेळ व्हायची होती. जेवता जेवता त्यानंच सांगितलं.

टेम्पो घ्यायचा होता तेव्हा तो त्या फायनान्समध्ये गेला. याआधी त्यानं कुठलं कर्ज घेतलं नव्हतं, त्यामुळं कुणी उभं करणार नाही अशी त्याची खात्री होती. तिथल्या पोरानं नाव आणि तारीख टाकली आणि म्हणाला, "काका, तुमचा रिपोर्ट तर एक नंबर आहे." कागद काढून हातात दिला. त्यात फ्रीज होता, स्कूटी होती, एकही हप्ता चुकलेला नव्हता.

"मी म्हनलं, फ्रीज तर माझ्या घरात न्हाई. मग कुनाचा? पन ते पोरगं म्हनालं, सही करा. मी केली," तो म्हणाला. "तुमच्या फ्रीजवर मला टेम्पो मिळाला, साहेब."

"तुम्हाला माझा नंबर दिसला नाही त्यात?"

"दिसला की. दोनदा लावला. तुमी हॅलो म्हनलात की ठेवून दिला. काय बोलनार? तुमचं नाव घेऊन टेम्पो आनलाय म्हनून?" तो हसला, मग माझ्या ताटात भाजी वाढत म्हणाला, "पन लई वाटायचं, कसा असंल हा मानूस. स्कूटी कुनाला घेतली असंल? घराला काय केलं असंल? सरळ मानूस दिसतोय, म्हनायचो बायकोला. एक हप्ता चुकत न्हाई."

अनोळखी माणसानं मला मनात धरून ठेवलं होतं, आणि चांगलं म्हणून धरलं होतं. टेम्पो घेतला आणि मग लॉकडाऊन आला, शिकवण्या बंद झाल्या, पोरं गावी गेली आणि त्याची चूल थंड पडली. मागचे काही हप्ते त्यातलेच राहून गेले होते. आता तो दर महिन्याला भरत होता, पण मागचं भरून निघत नव्हतं.

मी माझं काम सांगितलं. शाखेत दोघांनी जायचं, तो मी नव्हे एवढं दाखवायचं, पत्र घ्यायचं.

त्यानं ताट उचललं. "न्हाई जमायचं, साहेब."

"का?"

"मी सोताहून दारात गेलो तर सोडतील का? टेम्पो वढून नेतील. हितं एकशे दहा डबे हायत. सायकलवर वाटू का? आन तुमचं न् माझं येगळं झालं की माझ्या नावावर नुसतं थकलेलंच राहनार. मला आनखी एक चूल टाकायचीय. कोन देनार मंग?"

त्याचं बरोबर होतं. माझ्या चांगुलपणाचा एक तुकडा त्याच्याकडं होता, त्यावर त्याचं घर चाललं होतं, आणि तो मी काढून घ्यायला आलो होतो. मी म्हणालो, "राहू द्या मग. बघू काहीतरी." आणि उठलोच.

तो माझ्याकडं बघत राहिला. "एवढ्या लांबून येऊन उठलात? घरी काय सांगनार?"

"सांगेन, नाही झालं म्हणून."

"वहिनींनी पाठवलं न्हवं तुमाला? लावा त्यांना फोन."

त्याला बहुतेक वाटलं असावं, बाईमाणूस दोन शब्द समजुतीचे बोलेल आणि विषय संपेल. मी फोन लावून त्याच्या हातात दिला. फोन त्याच्या कानाला होता, तरी बायकोचा आवाज मला ऐकू येत होता.

"दादा, तुमचं न् माझं काही भांडण न्हाई. तुम्ही टेम्पो घेतला, चांगलं केलं. पण मी वीस वर्षं ह्यांच्या नावावर राहिले. घर ह्यांच्या नावावर, गॅस ह्यांच्या नावावर. आता एक गोष्ट माझ्या नावावर करायलेय तर मधी तुमचं नाव आलंय. मी काय करू, सांगा."

"वहिनी, माझी पन अडचन..."

"अडचण कळली मला, ह्यांनी काही न बोलता फोन तुमच्या हातात दिला त्यावरूनच. ह्यांना तुम्ही ओळखत न्हाई. हे आता घरी येतील, तुमचं खरं होतं म्हणतील, आणि मी बोलले तर मलाच वाईट ठरवून बसतील. माणूस सरळ आहे म्हणून कुणीबी वापरायचा का?"

त्यानं फोन माझ्याकडं दिला, आत जाऊन हात धुतले. खुंटीवरचा शर्ट काढून घातला. जाताना त्यानं टेम्पोची चावी आपल्या बायकोकडं दिली आणि तिला काहीतरी हळू सांगितलं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा टेम्पो दुसऱ्या गल्लीत निघाला होता. त्याचा मेव्हणा चालवत होता. आम्ही रिक्षानं गेलो.

शाखा म्हणजे एका मोबाईलच्या दुकानावरची खोली. तिथल्या साहेबानं आम्हा दोघांची आधार कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि कितीतरी वेळ कधी फोटो, कधी आमची तोंडं बघत बसला.

"भाऊ भाऊ का?"

"न्हाई," माझा नामबंधू म्हणाला. "आजच वळख झाली."

कर्जाच्या फाईलमधला फोटो त्याचाच होता, त्याच शर्टातला. साहेबानं मान हलवली. माझा पॅन नंबर घेतला, त्याचाही घेतला. मधल्या काळात त्यानं कार्ड काढलं होतं. ते नंबर एकदा नोंदले की संगणक पुन्हा घोटाळा करणार नाही, असं साहेब म्हणाला. मग खुर्ची त्याच्याकडं वळवली.

"आता आलाच आहात तर मागचं काय? गाडी कुठं आहे?"

"गाडी डबे वाटायला गेलीय. हप्ता आज एक भरतो. बाकीचे पुढच्या दोन म्हैन्यांत."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे सोताच्या पायानं येतात का?"

माझा हात आपोआप खिशाकडं गेला. निघताना मी थोडे पैसे काढून आणले होते. कशासाठी, ते मी बायकोला सांगितलं नव्हतं. त्याच्या कोपराचा टोला माझ्या बरगडीत बसला, चांगला लागला. साहेबाकडं बघतच तो म्हणाला, "ह्यांचं पत्र आधी टाइप करा. बसची वेळ हाय त्यांची."

पत्र मिळालं. खाली आल्यावर त्यानं चहा सांगितला. मी माफी मागायला सुरुवात केली. आता तुमची चूल लांबणार, माझ्यामुळं तुम्ही त्या दारात आलात, असं बरंच काही मनात जुळवून ठेवलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, तुमचं काय गेलं यात? टेम्पो माझा, हप्ता माझा. तुमच्या नावावर तीन वर्षं फिरलो मी. देनं लागतो तर मी लागतो तुमचं."

आयुष्यभर मला देणेकरी व्हायची सवय. कुणी माझं देणं लागतो, असं मला कुणी तोंडावर सांगितलं तर चेहरा कसा ठेवायचा हे मला माहीत नव्हतं. मी कपातला चहा बशीत ओतला आणि परत कपात ओतला. त्यानं ते पाहिलं आणि बिल देऊन टाकलं.

सोमवारी मॅडमनी पत्र फाईलला लावलं. दोन दिवस त्यांच्या वरच्या ऑफिसात फिरलं. कर्ज मंजूर झालं तेव्हा महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. चाचांनी बिर्यानीवाल्याला परत पाठवलं आणि तो काय काय बोलला ते बायकोला हातवारे करून सांगितलं. करार बायकोच्या नावानं झाला. सही करायच्या आधी तिनं सगळी पानं वाचून काढली, चाचांच्या मुलानं आणलेला चहा दोनदा थंड झाला, तरी तिनं घाई केली नाही. एका पानावर भाडेवाढीचं कलम होतं, त्यावर तिनं बोट ठेवलं आणि चाचांशी अर्धा तास घासाघीस केली. मी बाजूच्या बाकावर बसून होतो. मला कुणी सही मागितली नाही.

तिथूनच, दुकानाबाहेर येऊन, मी लातूरला माझ्या नामबंधूला फोन लावला. या वेळी बोलायचं ते नीट ठरवलं होतं.

"झालं का वहिनींचं?" त्यानं पहिलंच विचारलं.

"झालं. आत्ताच सही झाली. पण तुम्हाला मला एक..."

"साहेब, पोरांची सुट्टी झालीय, डबे भरायचेत," तो म्हणाला. "आनखी काही हाय का?"

मी म्हणालो, नाही. मागं भांडी वाजत होती, कुणीतरी त्याला हाक मारत होतं, आणि त्यानं फोन ठेवला.